ठवकरभाऊ हजर होते

मे महिन्यातल्या नागपुरात, भर दुपारी, गळ्यात टाय बांधून बसलेला माणूस दिसला की समजावं, हा एक तर बँकेत नवा लागलेला आहे किंवा औषध कंपनीचा एमआर आहे. ठवकरभाऊ एमआर होते. म्हणजे मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नव्हते. नोकरी सुटली होती, टाय तेवढा सुटला नव्हता.

सक्करदऱ्याच्या तलावापासून थोडं आत एक जुनं कॉलेज आहे. बाहेरगावच्या एका विद्यापीठाचं दूरशिक्षणाचं केंद्र रविवारी तिथे भरायचं. शिकायला येणारे आम्ही सगळे आयुष्यात कुठेतरी मधेच उतरलेले. कुणाचं शिक्षण लग्नात राहिलेलं, कुणाचं आजारपणात. मी ज्या कुरियरच्या ऑफिसात कामाला होते ते बंद पडलं होतं आणि दुसरीकडे जिथे जावं तिथे पहिला प्रश्न एकच, ग्रॅज्युएट आहात का? म्हणून नाव घातलं. फी भरली, ओळखपत्र मिळालं, पुस्तकं मात्र येईनात.

केंद्राचं काम दुबेबाबू बघत. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "किताबें आई नहीं. अगले संडे आइए." आम्ही उन्हातून आल्या पावली परत जायचो. त्या रविवारीही सगळे गेले. व्हरांड्यातल्या बाकावर हा टायवाला माणूस तेवढा ताठ बसून राहिला. मी सायकलस्टँडकडे जाता जाता म्हटलं, "भाऊ, पुस्तकं आली नाही म्हणाले ना ते?"

"ऐकलं मी, मॅडम," ते म्हणाले. "पण डॉक्टर 'आज नाही' म्हणते, तेव्हा एमआर उठून जाते का? उठला तो एमआरच नाही. कम्पाउंडरले दया येईपर्यंत बसायचं असते."

कुतूहल म्हणून मीही बसले. दुबेबाबू दर थोड्या वेळानं मान चोळत होते. ठवकरभाऊ उठले, त्यांच्या टेबलापाशी गेले आणि अत्यंत शुद्ध मराठीत म्हणाले, "सर, आपल्या कॉम्प्युटरचा पडदा फार खाली आहे. आपली मान त्यामुळे दुखत असावी. खाली काही ठेवलं तर आराम पडेल." दुबेबाबू पहिल्यांदाच कुणाकडे तरी नीट बघत होते. "क्या रखें?" पडद्याखाली ठेवायला काही मिळतं का म्हणून दोघं शेजारच्या अंधाऱ्या खोलीत शिरले आणि सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा घेऊन आले. गठ्ठ्यावर दुसऱ्याच कुठल्या अभ्यासक्रमाचं लेबल होतं. ठवकरभाऊंनी तो टेबलावर ठेवला, सवयीनं आत वाकून पाहिलं आणि सुतळी सोडली. आत आमची पुस्तकं होती. ती किती महिन्यांपासून तिथे पडली होती ते दुबेबाबूंनाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून दुबेबाबूंची मान आणि आमचा अभ्यास, दोन्ही सुरळीत झालं. निदान थोडे दिवस.

ठवकरभाऊंच्या तोंडात दोन मराठ्या होत्या. एक कंपनीची, 'आपण', 'कृपया', 'दोनच मिनिटं घेतो' वाली. ती ते टायसारखी बांधायचे, ऑफिसात, अनोळखी माणसापुढे. दुसरी घरची, 'मले', 'तुमाले', 'काहून' वाली. ती माणूस आपला वाटला की आपोआप सुरू व्हायची. मला ते शेवटपर्यंत मॅडमच म्हणाले, पण 'मॅडम, मले सांगा' असं.

दूरशिक्षणाच्या पुस्तकांची एक गंमत असते. शिक्षक समोर नसतो म्हणून पुस्तकच शिक्षकासारखं बोलतं. 'मागील घटकात आपण पाहिले की', 'आता तुमच्या लक्षात आले असेल'. आम्ही ही वाक्यं ओलांडून पुढे जायचो. ठवकरभाऊ त्यांना उत्तरं द्यायचे. 'तुमच्या लक्षात आले असेल' असं वाचलं की मोठ्यानं म्हणायचे, "नाही आलं बाप्पा, पुन्हा सांग." 'येथे थोडा वेळ थांबा आणि विचार करा' असं असलं की खरंच थांबायचे, डोळे मिटून. मी एकदा हसले तर म्हणाले, "हसू नका मॅडम. नोकरी गेल्यापासून मले कोणी विचार करा म्हणून सांगितलंच नाही. सगळे म्हणते, काही तरी करा. हे एकच म्हणून राहिलं, थांबा."

शिकवायला सर यायचे ठरलेले, पण ते कधी यायचे, बरेचदा यायचे नाहीत. फळ्यासमोर रिकामी खुर्ची आणि आमच्या मांडीवर डबे, असे किती तरी रविवार गेले. एका रविवारी ठवकरभाऊ उठले. त्यांच्या बॅगेत औषधांच्या जाहिरातींची गुळगुळीत मोठी कार्डं होती, जुन्या नोकरीतली. एका बाजूला पित्तानं लालभडक झालेलं जठर, दुसरी बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर त्यांनी स्केचपेननं समाजशास्त्र लिहून आणलं होतं. टाय नीट केला, कार्ड छातीशी धरलं आणि सुरुवात केली.

"नमस्कार. फक्त दोन मिनिटं घेतो. आज आपल्यासाठी घेऊन आलोय कुटुंबसंस्था. बाजारात दोन प्रकारांत उपलब्ध आहे, संयुक्त आणि विभक्त. साइड इफेक्ट दोन्हीचे आहेत."

सगळा वर्ग हसला. पण त्या दिवशी जे ऐकलं ते परीक्षेत माझ्या डोळ्यांपुढे जसंच्या तसं होतं. पुढे सर आले नाहीत की आम्हीच म्हणायचो, "भाऊ, आज कोणतं औषध?"

त्यांच्या घरी मी एकदा टिपणं आणायला गेले होते. केंद्रापासून चालत जाण्याइतकं जवळ. दारातून आधी फोडणीचा वास आला. भाऊ ओट्यापाशी वांगी चिरत होते, मिठाच्या बरणीला टेकवून पुस्तक उघडं ठेवलेलं. त्यांच्या पत्नी मायावहिनी एका दवाखान्यात सिस्टर आहेत. त्या नुकत्याच ड्युटीवरून आल्या होत्या, खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"बसा वं," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी आता असंच असते. मी कमावते, हे शिजवते." यात टोमणा नव्हता. थोड्या वेळानं भाऊ कोथिंबीर आणायला खाली उतरले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणला. "कंपनी विकल्या गेली तेव्हा नवीन मालकांनी सगळ्यांची कागदं मागितली. यांचं बीएस्सी शेवटच्या वर्षाले राहिलेलं. पहिल्या नोकरीत कोणी पाहिलंच नव्हतं. बोलता येते का, गाडी आहे का, बस. इतकी वर्षं पायाची आग होईस्तोवर फिरले आणि एका मेलवर घरी. मंग रोज सकाळी मोबाईल घेऊन अर्ज भरत. पदवीचा रकाना आला की अर्ज पुढंच नाही जात. तिथंच बसून राहत, मोबाईल हातात घेऊन. मले पाहवेना. मीच म्हटलं, करून टाका एकदाचं."

आतल्या खोलीत त्यांची मुलगी ऋचा अभ्यास करत होती, बारावीचा. मी गेले तेव्हा तिनं दार लोटून घेतलं. ते मला मुद्दाम लोटल्यासारखं वाटलं.

वाटलं ते बरोबर होतं. आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या नात्यात एक साखरपुडा झाला. पंगतीत कुणीतरी विचारलं, "सध्या काय सुरू आहे ठवकरसाहेब?" भाऊ सरळ म्हणाले, "बीए करून राहिलो. दुसऱ्या वर्षाले आहो." विचारणारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे पोरीच्या बरोबरीचे की!" ऋचानं ताट ठेवलं आणि उठून गेली.

हे भाऊंनीच आम्हाला रविवारी सांगितलं. त्या माणसाच्या ठसक्याची नक्कलसुद्धा केली. मग बाटलीचं झाकण लावता लावता म्हणाले, "घरी आल्यावर पोरगी म्हणते, बाबा, नोकरी शोधून राहिलो म्हणायचं होतं ना. बाप नोकरी शोधते हे सांगायले चालते. बाप शिकते हे नाही चालत. काहून असं, मॅडम?"

सगळ्यांच्याच घरी कुणी ना कुणी ऋचा होती.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचं केंद्र आम्हाला बसनं तासाभरावरच्या मौद्याला दिलं. का, ते कुणी सांगितलं नाही. सक्करदऱ्यात राहणारी माणसं सकाळच्या बसनं मौद्याला जात होती. बसमध्ये भाऊ आम्हा सगळ्यांची उजळणी घेत. वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या की ते म्हणायचे, "चिमणी आली, आता पुस्तकं बंद. आता फक्त आत्मविश्वास, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर."

या वेळी त्यांना स्वतःला आत्मविश्वासाची खरी गरज होती. उमरेड रोडवरच्या एका निवासी शाळेत वसतिगृहाच्या गृहपालाची जागा निघाली होती. ते मुलाखतीला गेले, मुख्याध्यापकांना माणूस आवडला. शाळा सुरू होईपर्यंत पदवी आणून दाखवा, जागा तुमची, असं ते म्हणाले होते. भाऊंनी ही गोष्ट फक्त मायावहिनींना आणि मला सांगितली होती. ऋचाला नाही. "झाल्यावर सांगीन," म्हणाले.

एका पेपरला ते माझ्या पुढच्या बाकावर होते. अर्धा वेळ झाला असेल, त्यांनी एकदम पेन टाकलं. उजव्या हाताला वांब आला होता, बोटं आखडून आत वळली होती. ते उभे राहिले. पर्यवेक्षक ओरडले, "बसा! काय चाललंय?" भाऊ म्हणाले, "माफ करा सर, हात झोपला. दोनच मिनिटं." डाव्या हातानं उजवा हात चोळत राहिले. पर्यवेक्षक कुरकुरत पुढे गेले. मग भाऊ बसले आणि वेळ संपेपर्यंत वाकून लिहीत राहिले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं तोंडानं काम केलं मॅडम. हात लिहायचंच विसरला होता."

निकाल लागला तेव्हा वेबसाइट दिवसभर उघडतच नव्हती. संध्याकाळी उघडली. मी पास झाले होते. भाऊंचे सगळे विषय निघाले होते, त्या एका पेपरपुढे मात्र लिहिलं होतं, गैरहजर.

त्यांना आधी हसूच आलं. दुबेबाबूंनी अर्ज लिहायला सांगितला, तो पाठवला. दुसरा पाठवला. हेल्पलाइनला फोन लावला की एक बाई रेकॉर्डवर सांगायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. "आमच्यासाठीही आहे, ताई," भाऊ म्हणायचे आणि ऐकत राहायचे. ऊन वाढत चाललं. शाळा सुरू व्हायची वेळ जवळ आली.

शेवटी त्या विद्यापीठाच्या नागपुरातल्या कार्यालयात जायचं ठरलं. मी त्यांच्या सोबत गेले, त्या दिवशी ते परीक्षेला होते हे सांगणारं कुणीतरी हवं म्हणून. खिडकीत एक तरुण मुलगा होता. बोलायला वाईट नव्हता. त्यानं पडदा आमच्याकडे फिरवला. "हे बघा. इथं गैरहजर दाखवतंय."

"सर, मी उपस्थित होतो," भाऊ कंपनीच्या मराठीत म्हणाले.

"हॉलतिकिटावर पर्यवेक्षकाची सही आहे?"

भाऊंनी हॉलतिकीट काढलं. प्रत्येक पेपरपुढे सही होती. त्या एका पेपरपुढे नव्हती. हात आखडल्याच्या गडबडीत राहून गेली असावी. पर्यवेक्षक चिडलेले, भाऊ घाबरलेले, दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, "हे माझ्या पुढच्या बाकावर होते. मी पाहिलंय."

"तसं चालत नाही हो मॅडम. सिस्टीममध्ये नाहीत ते."

भाऊंनी हॉलतिकिटाची घडी घातली. मग बोलले ते घरच्या मराठीत. ऑफिसाच्या खिडकीवर मी ती पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी होतो ना गा तिथं! हात मोडेस्तोवर लिहिलं मी. कंपनीत इतकी वर्षं होतो, तिथूनही एका दिवसात नाव काढलं. घरी दिसलो की लोक विचारते, आज घरी कसे? बाहेर दिसलो की विचारते, कुठं लागले का? म्हणजे मी कुठं असलो तर चालते तुमाले? आता परीक्षेले बसलो, तर तुमी म्हणता नव्हतोच. मंग त्या बाकावर कोण होतं, सांग ना मले!"

खिडकीतल्या मुलाचा चेहरा उतरला. "काका, मी लिहून ठेवतो," तो म्हणाला. भाऊ बाकावर येऊन बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी शेजारी बसले. हात न काढताच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी पाहिलं होतं ना मले?"

"पाहिलं, भाऊ. तुमच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता, अख्ख्या विदर्भाचा. तोही पाहिला."

ते हसले. मग रडले. मग म्हणाले, "चला, तुमाले उशीर होईल."

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेले. मायावहिनींना काय झालं ते मीच सांगितलं, कारण भाऊ मोरीत जाऊन तोंड धूत होते. निवासी शाळेच्या जागेचं त्या बोलून गेल्या तेव्हा आतलं दार उघडलं. ऋचा उंबऱ्यात उभी होती. "कोणती शाळा?" तिनं विचारलं. मायावहिनींनी मोरीकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "आणि हाताला काय झालं होतं बाबांच्या?" ते मी सांगितलं, बाक, पेन, दोन मिनिटं, सगळं. ती ऐकत राहिली. तिनं मला चहा करून दिला. त्या घरातला तिच्या हातचा पहिला चहा.

दुसऱ्या दिवशी तिनं बापाला आपल्या गाडीवर मागे बसवलं आणि मौद्याला नेलं. परीक्षा झालेल्या कॉलेजात ती प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभी राहिली. त्यांनी हजेरीपत्रक काढायला लावलं. भाऊंची सही होती. प्राचार्यांनी विद्यापीठाला पत्र दिलं. आम्हाला वाटलं, सुटलं. पण पत्र तिकडे जाऊन बसलं, शाळा सुरू झाली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

मुख्याध्यापकांचा फोन आला तेव्हा भाऊ त्यांना म्हणाले, "काही हरकत नाही सर, आपण आठवणीनं कळवलं, आभारी आहे." मायावहिनी सांगत होत्या, फोन ठेवल्यावर ते दिवसभर पंखे पुसत बसले. एक झाला की दुसरा.

पुढच्या परीक्षेपर्यंत दुरुस्ती आली नाही, म्हणून त्यांनी तोच पेपर पुन्हा द्यायचं ठरवलं. आता अभ्यास घ्यायला ऋचा होती. संध्याकाळी ती वेळ लावून त्यांच्याकडून लिहून घ्यायची आणि मधेच म्हणायची, "बाबा, हात सैल सोडा." तिला विषयातलं काही कळत नव्हतं, म्हणून भाऊ कार्ड घेऊन तिलाच समजावायचे. त्यांच्या शेजारच्या काकू सांगायच्या, हल्ली ठवकरांच्या घरातून हसायचा आवाज येतो.

या वेळी पेपर नागपुरातच होता. तो त्यांनी दिला. निकाल लागला, पास. आणि त्याच आठवड्यात जुन्या अर्जावरची दुरुस्तीही येऊन पोहोचली, आधीच्या पेपरलाही ते हजर होते आणि पास होते. दुबेबाबूंनी दोन्ही कागद समोर ठेवले. "ठवकर साहब, आप तो एक ही पेपर में दो बार पास हो गए!"

"एक तुमच्याजवळ ठेवा बाबूजी," भाऊ म्हणाले. "कोणाले कमी पडलं तर द्यायले होईल."

पदवी हातात आली, नोकरी लगेच आली नाही. जिथे पदवीचा रकाना ओलांडला तिथे वयाचा रकाना उभा होता. तो काळ मला त्यांच्यासाठी सगळ्यात कठीण वाटला, कारण आता रविवारही नव्हता. कधी फोन केला तर म्हणायचे, "ठीक आहो मॅडम. रेशनच्या रांगेत दोन जणांले दूरशिक्षणात नाव घालायले लावलं." मग हिवाळ्यात त्या निवासी शाळेतूनच पुन्हा फोन आला. नवीन गृहपाल टिकले नव्हते. मुख्याध्यापकांना हा माणूस आठवला होता. भाऊ दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन हजर झाले. आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी, असं त्यांचं सुरू झालं. मलाही एका शाळेच्या कार्यालयात काम मिळालं, आणि भेटी कमी झाल्या.

मागच्या महिन्यात मी ऑटोनं धरमपेठेतून येत होते. सिग्नलला थांबलो तर पलीकडच्या रांगेत ऋचाची गाडी दिसली. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागे ठवकरभाऊ बसले होते, वसतिगृहासाठी घेतलेला असावा असा एक नवा कोरा कॅरम बोर्ड कवेत धरून. बोर्ड एवढा मोठा की त्यामागे भाऊंचे फक्त डोळे आणि हेल्मेट दिसत होतं. ते तिला काहीतरी सांगत होते, अगदी रंगून. तिचे खांदे हसून हलत होते.

मी हाक मारली. बसचे हॉर्न वाजत होते, ऐकू गेली नाही. ऋचाचं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. "बाबा, हलू नका ना, गाडी डुगडुगते!"

सिग्नल सुटला. तिला उजवीकडे वळायचं होतं. भाऊंनी एका हातानं बोर्ड छातीशी आवळला, दुसरा हात खांद्यापासून लांबच्या लांब बाहेर काढला आणि मागच्या साऱ्या वाहतुकीला अदबीनं थांबवलं. गाडी सावकाश वळली.